भांगातलं शिसं

त्रिलोचन देवांगनच्या हाताखाली राबलेली माणसं रायपुरात आजही भेटतात. ती त्याला कजाग म्हणतील, तिरसट म्हणतील, पण खोटारडा कुणी म्हणणार नाही. सव्वीस वर्षं त्यानं हवेतल्या धुळीतलं शिसं मोजलं आणि मशीननं जो आकडा दाखवला तोच वहीत उतरवला. एकदा एका भट्टीवाल्याचा माणूस मिठाईचा डबा घेऊन आला, तर त्यानं तो फाटकाबाहेर ठेवायला लावला. दुपारी गाईनं पुठ्ठ्यासकट खाल्ला.

त्याचा बाप चांप्याला कोसा रेशीम विणायचा. एक धागा चुकला तर वीतभर विणलेलं उसवायला लावायचा आणि उसवणाऱ्या मुलाच्या बोटांवर फणी मारायचा. त्रिलोचननं माग सोडला, रसायनशास्त्र घेतलं, आधी भोपाळला नोकरी केली आणि नवं राज्य झालं तसा रायपूरला मुख्य विश्लेषक म्हणून आला. बापाची मारायची सवय मात्र त्याच्याबरोबर आली. हातात फणी नव्हती एवढंच, तिचं काम जीभ करायची.

शहराबाहेर लोखंडाच्या भट्ट्या रात्रंदिवस चालत. आसपासच्या गावांत शाळांच्या आणि पंचायतींच्या छपरांवर हवा ओढणारी यंत्रं बसवलेली होती. यंत्रात पांढरा फिल्टर कागद घातला की चोवीस तासांनी तो तव्याच्या बुडासारखा काळा होऊन यायचा. त्याची पट्टी कापायची, आम्लात उकळायची, गाळायची आणि ते पाणी मशीनला पाजायचं. मशीन शिशाचा इतका बारीक अंश सांगायचं की बोलताना कुणाची थुंकी उडाली तरी आकडा हलायचा. म्हणून दर खेपेला एक न वापरलेला, कोरा कागदही त्याच वाटेनं न्यायचे. कोऱ्यात शिसं निघता कामा नये. निघालं तर ते हवेतलं नाही, प्रयोगशाळेतलं. आणि मग त्या खेपेचे सगळे आकडे मातीमोल.

कोरा कागद त्रिलोचन स्वतः कापायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. हातमोजे घालायचा, केसांवरून एकदा हात फिरवायचा आणि कात्री उचलायचा.

त्याच्या प्रयोगशाळेत कोऱ्याचा आकडा दोन-तीनच्या वर कधी गेला नव्हता. त्या वर्षी आषाढात तो एकदम चाळीसवर गेला. पुढच्या खेपेला पंचावन्न.

वेळ वाईट होती. भट्ट्यांच्या धुराबद्दल सुनावणी लागली होती आणि उन्हाळ्यातल्या तीन महिन्यांचे फिल्टर तपासून द्यायचे होते. संचालक दिल्लीहून आलेला तिशीचा पोरगा होता. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "चाचा, कोऱ्यात शिसं निघालं असं मी तिथं जाऊन सांगू? त्यांचा वकील हसेल मला."

"आठ दिवसांत कारण शोधतो."

"कारण नको. कोण करतंय ते शोधा."

त्रिलोचननं पाणी तपासलं, आम्लाची नवी बाटली फोडली, हातमोजे बदलले, खिडकीचा रंग खरवडून तपासला. काही हाती लागलं नाही. सातव्या दिवशी तो भांडी धुण्याच्या खोलीत शिरला आणि त्याची नजर मनटोराच्या डोक्यावर पडली.

मनटोरा ठेकेदाराकडून लागलेली बाई होती. पंधरा किलोमीटरवरच्या गावातून बसनं यायची, काचेची भांडी घासायची, आम्लाच्या टाकीत बुडवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी काढून सात पाण्यांनी खंगाळायची. नऊ वर्षांत तिच्या हातून तीन भांडी फुटली होती. दुपारी जिन्याखाली बसून कांद्याबरोबर बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, खायची आणि डब्यातलं भाताचं पाणी पिऊन पुन्हा कामाला लागायची. तिचा नवरा बिसौहा एका भट्टीवर कोळसा ओढायचा आणि खोकायचा. तिचा भांग मात्र कपाळापासून टाळूपर्यंत भरलेला असे. गावाकडच्या बायका लावतात तो केशरी सिंदूर, जाडसर.

केशरी सिंदुरात बहुतेक वेळा शिसंच असतं. त्रिलोचनला ते माहीत होतं. भांडी आम्लात रात्रभर बुडतात आणि त्यात शिसं टिकत नाही, हेही माहीत होतं; तो नियम त्यानंच घातला होता. पण सात दिवस झाले होते.

त्यानं तिला मधल्या खोलीत बोलावलं. धाकटी केमिस्ट हेमीन साहू होती, शिपाई पुनऊ होता, ठेकेदाराचा मुकादम होता, आणखी तिघंचौघं दारात जमली.

"स्टुलावर बस," त्रिलोचन म्हणाला. "हेमीन, ओला फिल्टर घे. हिचा भांग पूस."

हेमीन जागची हलली नाही. "सर, चिमूटभर घरून आणायला सांगू या. डबीतलाच तपासू."

"डबीतला नको. डोक्यावरचा हवा."

मनटोरानं पदर पुढं ओढला. "साहेब, मी डोक्याला फडकं बांधून येईन. घट्ट बांधीन. पुसू नका. घरधनी जिवंत आहे माझा."

"त्याला कुठं काय होतंय? शिसं मोजतो इथं आम्ही. जादूटोणा नाही."

दारातलं कुणीतरी हसलं. मुकादमही हसला आणि म्हणाला, "अगं, संध्याकाळी लाव की परत. नवरा काय तासाभरात मरतो?"

"लवकर कर," त्रिलोचन हेमीनला म्हणाला. "दोनदा पूस. कातडी दिसली पाहिजे."

हेमीननं पुसलं. पहिला कागद केशरी निघाला, दुसरा फिकट. मनटोरानं मान खाली घातली नव्हती. ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. पुसून झाल्यावर तिनं विचारलं, "झालं?" आणि उठून भांड्यांकडं गेली. भांगाच्या जागी लाल ओरखडा उठला होता.

कागदात भरपूर शिसं निघालं. त्रिलोचननं तो आकडा संचालकाला नेऊन दाखवला, तेव्हा संचालक पहिल्यांदा त्याला 'देवांगनजी' म्हणाला.

मनटोराला हुकूम झाला, की इथं सिंदूर लावून यायचं नाही. ती तसं करू लागली. सकाळी बसमधून उतरली की नळावर भांग धुवायची, संध्याकाळी थांब्यावर डबी काढून पुन्हा भरायची. चौथ्या दिवशी त्याच बसनं जाणाऱ्या गावातल्या दोघींनी तिला नळावर पाहिलं. गावात बातमी तिच्याआधी पोचली.

कोरा कागद तरीही अठ्ठेचाळीस दाखवत होता.

"मुरलंय हिच्या केसांत," त्रिलोचननं मुकादमाला सांगितलं. "ही नको. दुसरी बघ."

"नऊ वर्षांची जुनी बाई आहे साहेब. हात चांगलाय तिचा."

"मला हात नको आहे, कोरा कागद हवाय."

ठेकेदाराच्या माणसाला काढायला चिठ्ठीही लागत नाही. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मनटोराला आत सोडलं नाही. ती दुपारपर्यंत बाहेर उभी राहिली. मग पुनऊनं तिचा जिन्याखालचा डबा आणून दिला.

त्याच आठवड्यात त्रिलोचन डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बारा दिवसांच्या रजेवर गेला. कागद हेमीननं कापले. कोऱ्याचा आकडा दोनवर आला. संचालकानं फोन करून कळवलं, "देवांगनजी, बाई गेली आणि शिसं गेलं." उन्हाळ्यातले राखून ठेवलेले फिल्टरचे तुकडे हेमीननं पुन्हा तपासले, अहवाल वेळेत गेला, आणि त्यात लिहिलं होतं की सफाई कर्मचाऱ्याकडून झालेली बाधा शोधून दूर करण्यात आली.

त्रिलोचन परतला. दोन दिवसांनी त्यानं कागद कापला. एक्केचाळीस.

त्यानं हेमीनला धरलं. "टिकली लावतेस तू. काजळ घालतेस. आरशात बघायला येतेस की काम करायला?"

"टिकली आठ दिवसांपासून नाही लावत, सर." हेमीन वही घेऊन आली होती. "मी तारखा मांडल्या आहेत. आषाढापासूनच्या. मी कापलेले कोरे सगळे दोन-तीन आहेत. तुम्ही कापलेले..."

"पुढं बोल."

"तुम्हीच बघा सर."

त्यानं बघितलं. वही मिटली आणि तिच्या हातात दिली. "जा. भांडी कमी पडलीत, ती धुऊन घे."

रविवारी तो एकटाच आला. शर्ट बदलला, हात धुतले, घड्याळ काढलं, आणि अंगावरच्या एकेका गोष्टीवर ओला कागद फिरवून बाटल्यांत भरला. चष्म्याची दांडी, कॉलर, नखं. केस शेवटी. केसांवरून फिरवलेला कागद काळपट निघाला.

गेल्या वैशाखापर्यंत त्याचे केस पांढरे होते. संचालकानं रुजू झाल्या दिवशीच त्याला चाचा म्हटलं आणि पुढं प्रत्येक सभेत तेच चालवलं. बावन्न वर्षांच्या माणसाला ते फार लागलं. स्टेशनजवळच्या एका वैद्याकडून तो डोक्याला लावायचं पाणी घेऊन आला. रोज रात्री चोपडायचं, महिन्यात केस काळे. वैद्यानं त्यात काय घातलंय ते अभिमानानं सांगितलं होतं: भृंगराज, जास्वंद आणि मुर्दाडशिंग. मुर्दाडशिंग म्हणजे शिसंच. रसायनशास्त्र घेतलेल्या माणसाला हे ऐकताच कळायला हवं होतं. ऐकलं तेव्हा तो वैद्याच्या आरशात बघत होता.

मशीनला तो नमुना मोजता आला नाही. शंभर पट पातळ केला तेव्हा आकडा आला. मनटोराच्या भांगातलं शिसं त्याच्यापुढं काहीच नव्हतं. शिवाय ती भांडी धुण्याच्या खोलीत होती. हे डोकं तर रोज कोऱ्या कागदावर ओणवं होत होतं.

त्यानं खुर्ची ओढली आणि बराच वेळ मशीनसमोर बसला. त्याला आधी संचालकाचा चेहरा दिसला, मग दारात हसणारी माणसं. मनटोराही आठवली, पण ती त्यांच्यानंतर. मशीनच्या स्मरणात प्रत्येक आकडा राहतो. पुसता येतो, पण त्यानं आयुष्यात आकडा पुसला नव्हता, तो त्या दिवशीही पुसला नाही. नमुन्याच्या नावाच्या जागी मात्र त्यानं फक्त 'क' लिहिलं.

सोमवारी तो डोकं तुळतुळीत करून आला. "तिरुपतीचा नवस होता," पुनऊनं विचारल्यावर म्हणाला. कोरे कागद पुन्हा दोनवर आले. हेमीननं मशीनमधल्या नोंदी उघडल्या, 'क' पाहिला, त्रिलोचनच्या डोक्याकडं पाहिलं, आणि नोंदी बंद केल्या. तिची नोकरी पक्की व्हायची होती आणि शिफारस त्रिलोचनच करणार होता.

भादव्यात तीजा आली. गावच्या बायका माहेरी जाऊन नवऱ्यासाठी निर्जळी उपास करतात, रात्रभर एकत्र बसतात. मनटोराच्या माहेरी बातमी गेलेली होती. तिच्या भावजयांनी तिला बायकांत बसू दिलं नाही. "तू पुसलंस ना? मग कुणासाठी उपास करतेस?" असं थोरलीनं विचारलं. तिनं मागच्या अंगणात एकटीनं उपास केला. दसऱ्याच्या आधी बिसौहा गेला. भट्टीवरच रक्ताची उलटी झाली, दवाखान्यात नेईपर्यंत संपला. खोकला त्याला चार वर्षांपासून होता, पण गावानं चार वर्षं मोजली नाहीत. थोरला दीर दुकालू सुतकातच म्हणाला, "हिनं साहेबाच्या टेबलावर बसून पुसून घेतलं, तेव्हाच मारला माझ्या भावाला."

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मनटोरा प्रयोगशाळेच्या फाटकावर आली. पांढरं लुगडं, मोकळे हात. त्रिलोचन जेवून येत होता. तिनं त्याला हटकलं नाही, नुसती वाटेत उभी राहिली.

"साहेब, गावात बैठक बसवलीय दुकालूनं. घरात ठेवायचं की नाही मला, त्याची."

"मग मी काय करू?"

"कागद द्या. तुमच्या शिक्क्याचा. तुम्ही पुसायला लावलं, मी हौसेनं नाही पुसलं. आणि माझ्यामुळं काही बिघडलं नव्हतं, एवढं लिहा. गुरुजी वाचून दाखवतील."

"बिघडलं नव्हतं हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं. नऊ वर्षं तीच भांडी, तोच सिंदूर. तेव्हा का नाही बिघडलं?"

त्रिलोचनला तिचा राग आला. जो प्रश्न त्याला सात दिवसांत सुचायला हवा होता तो तिनं फाटकावर उभं राहून विचारला होता. "थांब इथं," म्हणून तो आत गेला.

पंधरा मिनिटांत तो छापील कागद घेऊन आला. मधल्या खोलीतून जाताना हेमीननं तो पाहिला. "सर, यात एकच आकडा आहे."

"विचारलाय तेवढा दिलाय."

"तिनं हा नाही विचारला."

"नोनी," घरातल्या पोरीला म्हणावं तसं तो शांतपणे म्हणाला, "तुझी फाईल माझ्या टेबलावर आहे. अजून सही राहिलीय." हेमीन बाजूला झाली.

कागदावर प्रयोगशाळेचं नाव होतं, तारीख होती, गोल शिक्का होता. नमुना: महिला कर्मचाऱ्याच्या भांगातील रंग. शिसं: अमुक इतकं. शेरा: घातक पातळीहून अधिक. खाली मुख्य विश्लेषकाची सही. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

मनटोरानं शिक्क्यावर बोट फिरवलं. "यात लिहिलंय ना सगळं?"

"जे खरं आहे ते लिहिलंय."

तिनं कागदाची घडी केली, पदराच्या टोकाला बांधली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावायला गेली. तो मागं सरकला.

पुढचं त्याला पुनऊकडून कळलं. पुनऊ शेजारच्या गावचा. बैठकीला तो आपणहून गेला होता. पिंपळाच्या पारावर माणसं बसली, मनटोरा खाली जमिनीवर. तिनं स्वतःच कागद काढून गुरुजींना दिला आणि म्हणाली, मोठ्यानं वाचा. गुरुजींनी वाचायला सुरुवात केली, मध्ये थांबले, दुकालू म्हणाला थांबता का, वाचा. त्यांनी वाचलं. माणसांना आकडा कळला नाही, घातक कळलं. सरकारच लिहून देतंय, हिच्या भांगात विष होतं. एक म्हातारी मागून 'टोनही' म्हणाली, चेटकीण. मग तो शब्द तोंडातोंडी झाला.

"तिला कळेचना साहेब," पुनऊ सांगत होता. "ती आपली म्हणतेय, अजून वाचा गुरुजी, खाली असेल, खाली लिहिलं असेल. गुरुजी म्हणाले, बाई, खाली नुसती सही आहे."

त्रिलोचन चहा पीत होता. "मारलं का तिला?"

"मारलं. फार नाही. पोलिसांचं भय आहे, कायदा आहे ना आता. केस कापले आणि घराबाहेर काढलं. भांडीकुंडी दुकालूनं ठेवून घेतली."

"कुठं गेली?"

"धमतरीकडं कुठंतरी भातगिरणीवर आहे म्हणतात. तिथून कुठं, ठाऊक नाही." पुनऊनं कपाला हात घातला. "साहेब, त्या कागदात दुसरं काही लिहिता आलं नसतं का?"

"खोटं लिहायला सांगतोस मला?"

पुनऊ कप घेऊन गेला. त्या रात्री त्रिलोचनला झोप लागली नाही असं काही झालं नाही. लागली. फक्त काही दिवस तो मधल्या खोलीतल्या स्टुलावर बसायचं टाळायचा. मग त्यानं ते स्टूल गोदामात पाठवलं आणि तेही संपलं.

हेमीनच्या फाईलवर त्यानं माघात सही केली. शेऱ्यात तिची तारीफ लिहिली. ती चैत्रात बदली मागून कोरब्याला गेली. जाताना सगळ्यांना भेटली, त्याच्या खोलीत आली नाही.

पुढं त्रिलोचनचं नाव झालं. इतर राज्यांतली पोरं त्याच्याकडं प्रशिक्षणाला येऊ लागली. हवेतलं शिसं मोजणं सोपं आहे, आपलं शिसं त्यात न मिसळणं अवघड, हे तो पहिल्याच दिवशी शिकवायचा, आणि उदाहरण म्हणून मनटोराची गोष्ट सांगायचा. तिचं नाव घ्यायचा नाही. 'आमची एक भांडीवाली' म्हणायचा. सांगता सांगता गोष्ट गोळीबंद झाली. घाबरलेली बाई, केशरी कागद, ती गेली आणि आकडा दोनवर आला. मुकादमाचं ते तासाभरात मरायचं वाक्यही तो त्याच सुरात म्हणून दाखवायचा. पोरं हसायची. दोनतीन वर्षांत ती गोष्ट त्याला स्वतःलाही खरी वाटू लागली. तारखा विचारल्या असत्या तर त्यानं त्याही तशाच जुळवून सांगितल्या असत्या.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी रांचीकडच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, मग त्या बाईंचं पुढं काय झालं?"

"गावी गेली," त्रिलोचन म्हणाला. "शेतीबिती असेल. बरं चाललंय तिचं."

"तुम्हाला भेटल्या होत्या नंतर?"

"एकदा आली होती कागद मागायला. दिला."

मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. त्रिलोचननं घड्याळ पाहिलं आणि पोरांना हातमोजे घालायला सांगितलं. पुढचा तास कागद कापण्याचा होता.